केंद्रात भरती व्हावं की घरीच सोडावी? हा एक निर्णय नाही, दोन आहेत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४१, नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत नोकरी. रोज रात्री दीड क्वार्टर व्हिस्की, आणि गेल्या चार महिन्यांपासून सकाळी ड्युटीआधी एक नाइंटी, कारण त्याशिवाय हात स्थिर राहत नाहीत. मागच्या दिवाळीनंतर घरीच बंद करून पाहिली. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या, आपण कुठे आहोत ते कळेना. घरच्यांना बाहेरची बाधा वाटली, शेवटी कोणीतरी दोन घोट पाजले आणि सगळं शांत झालं. आता पत्नी म्हणतात, तीन महिने व्यसनमुक्ती केंद्रात राहा. वर्ध्याचे मेव्हणे म्हणतात, आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे, पंधरा दिवस येऊन राहा, नाहीतर केंद्राची गाडीच बोलावतो. तुम्ही म्हणता, मनावर घेतलं तर घरीच सुटेल आणि कंपनीत कळणारही नाही. तिघांपैकी बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय.

बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल, पण एक गोष्ट आत्ताच लक्षात घ्या. डॉक्टरला भेटेपर्यंत दारू एकदम बंद करू नका. व्यसनावर काम करणाऱ्याने हे सांगावं याचं नवल वाटेल, पण तुमच्या बाबतीत दारूपेक्षा तिचं अचानक थांबणं जास्त धोक्याचं आहे. नेहमीपेक्षा जास्त घेऊ नका, गाडी चालवू नका, मशीनवर उभे राहू नका, आणि दोन-तीन दिवसांच्या आत ओपीडी गाठा.

आता मूळ मुद्दा. तुम्ही तिघंही एकाच प्रश्नावर भांडताय, ‘भरती व्हायचं की नाही?’ पण यात दोन वेगळी कामं एकत्र गुंतली आहेत. पहिलं काम अंगातली दारू सुरक्षितपणे उतरवण्याचं. ते पाच-सात दिवसांचं असतं, आणि ते कुठे करायचं हे तुमचं शरीर ठरवतं, तुमची इच्छाशक्ती नाही. दुसरं काम दारूशिवाय जगायची सवय लावण्याचं. ते महिन्यांचं असतं, आणि ते कुठे करायचं हे तुमचं घर, तुमचा रोजचा रस्ता, तुमची माणसं आणि तुमचं मन यांवर ठरतं. पहिल्यासाठी लागतो डॉक्टर आणि नर्स असलेला वॉर्ड. दुसऱ्यासाठी कधी केंद्र लागतं, कधी नियमित ओपीडी पुरते. या दोन्ही कामांची उत्तरं वेगवेगळी असू शकतात, आणि तुमच्या बाबतीत बहुधा ती तशीच आहेत.

पहिल्या आठवड्याचं आधी बघू.

दीड क्वार्टर म्हणजे २७० मिली. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या बाटलीवर ४२.८ टक्के असं छापलेलं असतं. म्हणजे २७० मिलीत शुद्ध अल्कोहोल साधारण ९१ ग्रॅम. सकाळच्या ९० मिलीत आणखी ३० ग्रॅम. एकूण रोजचे १२० ग्रॅम. १० ग्रॅमचं एक माप धरलं तर रोज बारा मापं. तुलनेसाठी सांगतो, ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे चार मापं, म्हणजे तुम्ही दिवसाला अशा तीन बाटल्यांइतकी दारू घेताय. हा आकडा मोठा आहे, पण केवळ आकड्यावरून मी कोणाला भरती व्हा म्हणत नाही. तुमच्या प्रश्नात आकड्यापेक्षा वजनदार दोन गोष्टी आहेत, सकाळची नाइंटी आणि दिवाळीनंतरची तिसरी रात्र.

सकाळच्या नाइंटीला आपल्याकडे उतारा म्हणतात. उतारा लागतो म्हणजे रात्रीच्या आठ-दहा तासांच्या झोपेतच शरीर दारू मागायला लागलंय. कारण असं की दारू मेंदूला रोज दाबून ठेवते आणि मेंदू तेवढ्याच जोराने उलट ढकलायला शिकतो. बाहेरचा दाब एकदम काढला की आतला जोर तसाच उरतो. मग हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, झोप उडते, मळमळतं. हे शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत सुरू होतं. झटका, म्हणजे फिट, यायची वेळ साधारण ६ ते ४८ तास. आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो. नसलेली माणसं, किडे, मुंग्या दिसतात, दिवस-रात्र कळत नाही, ताप येतो, नाडी आणि रक्तदाब वर जातात. वैद्यकात याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावतो.

तुमची तिसरी रात्र या वेळापत्रकात नेमकी बसते. ती बाधा नव्हती. दोन घोटांनी शांत झाली याचं कारणही हेच, दाब परत आला. तेव्हा काही अघटित झालं नाही यावरून पुढच्या वेळीही निभावेल असं धरू नका. दारू सोडणं-धरणं जितक्या वेळा होतं तितका पुढचा विड्रॉल, म्हणजे दारू थांबल्यावर होणारा हा त्रास, साधारणपणे जास्त जोराचा येतो. ज्याला एकदा फिट आली किंवा भ्रम झाला, त्याला पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. म्हणून पहिल्या आठवड्याबद्दल माझं उत्तर स्पष्ट आहे. घरी नाही, वर्ध्याला मेव्हण्यांकडे नाही, आणि रात्री डॉक्टर नसलेल्या केंद्रातही नाही. रुग्णालयात.

घरी दारू उतरवणं सगळ्यांसाठीच चुकीचं असतं असं मात्र नाही. ज्याला पूर्वी फिट किंवा भ्रम झालेला नाही, लिव्हर-हृदयाचा मोठा आजार नाही, ज्याच्याजवळ पहिले चार दिवस चोवीस तास एक न पिणारं मोठं माणूस आहे, ज्याला डॉक्टर रोज पाहू शकतात आणि ज्याच्या घरापासून रुग्णालय जवळ आहे, त्याला आम्ही घरी औषधं देतो. तीही एका वेळी एकाच दिवसाची, घरच्यांच्या ताब्यात. हे फिसकटतं ते बहुतेक वेळा एकाच जागी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रुग्ण गोळ्याही घेतो आणि वर दारूही. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. तुम्ही या सगळ्या अटी पाळाल हे मी मानतो, पण पहिलीच अट तुमच्या हातात नाही. ती रात्र होऊन गेली आहे.

रुग्णालयात नेमकं काय करतात ते कळलं तर भीती थोडी कमी होईल. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामच्या गटातली औषधं सुरुवातीला पुरेशा मात्रेत देतात आणि पाच-सात दिवसांत उतरवत बंद करतात. लिव्हर फार खराब असेल तर लोराझेपाम निवडतात, कारण ते शरीरात साठून राहत नाही. नर्स काही तासांनी थरथर, घाम, बेचैनी, भास अशा दहा गोष्टींचे गुण मांडते आणि त्यावर पुढचा डोस ठरतो. हीच औषधं मेडिकल स्टोअरमधून आणून घरी घ्यायची कल्पना डोक्यातून काढून टाका. अल्प्राझोलामच्या पट्टीवर दारू सोडायला गेलेले कितीतरी लोक सहा महिन्यांनी दोन व्यसनं घेऊन येतात.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे थायमिन, व्हिटॅमिन बी-१. रोज पिणाऱ्याच्या शरीरात ते फार कमी असतं आणि पोटातून नीट शोषलं जात नाही, म्हणून पहिले काही दिवस इंजेक्शनमधूनच द्यावं लागतं. ते कमी पडलं तर वेर्निके नावाचा मेंदूचा आजार होतो. डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल अडखळते, गोंधळ उडतो, आणि वेळेत उपचार झाला नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. इथे वस्तीत नेहमी होणारी एक चूक सांगतो. दारू सोडून दोन दिवस झाले, अन्न जात नाही, अशक्तपणा आलाय, म्हणून जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजचं सलाईन लावतात. साखर पचवायला शरीर थायमिन खर्च करतं. आधीच रिकाम्या झालेल्या शरीरात थायमिन न देता ग्लुकोज गेलं तर हाच आजार ओढवू शकतो. कुठेही सलाईन लावायची वेळ आली तर ‘हे रोज दारू घेणारे आहेत, आधी थायमिन द्या’ एवढं पत्नीने ठामपणे सांगावं. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या घरात असताना घाम आणि उलट्यांनी पाणी आणखी झपाट्याने कमी होतं, त्या दिवसांत तर घरचा प्रयोग नकोच.

भरतीच्या वेळी रक्ताच्या तपासण्या होतील. लिव्हर, साखर, सोडियम-पोटॅशियम, मॅग्नेशियम, प्लेटलेट, रक्त गोठण्याची वेळ. सोबत ईसीजी आणि पोटाची सोनोग्राफी. एसजीओटी आणि एसजीपीटी हे लिव्हरच्या रक्ततपासणीतले दोन आकडे. एसजीपीटी नॉर्मल आला म्हणून लोक निर्धास्त होतात. तसं होऊ नका. दारूच्या लिव्हरमध्ये एसजीओटी जास्त वाढतो आणि एसजीपीटी बऱ्याचदा फारसा वाढतच नाही. कागदावरचा एकच आकडा बघून ‘आपलं लिव्हर तर ठणठणीत आहे’ म्हणणारे बरेच भेटतात.

आता मेव्हण्यांचा सल्ला. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती. म्हणून विदर्भातल्या अनेक घरांत हा उपाय सुचतो. त्यामागे माया आहे, पण त्यात दोन अडचणी आहेत. एक, बंदीच्या जिल्ह्यातही शोधणाऱ्याला दारू मिळते. ती कधी मोहाची असते, कधी कशाची हे सांगता येत नाही, आणि तिची तीव्रता कुठे छापलेली नसते. दुसरी अडचण जास्त मोठी आहे. दारू खरंच मिळाली नाही, तर तिसरी रात्र तुम्ही मेव्हण्यांच्या घरात काढाल, आणि त्यांना काय करायचं ते ठाऊक नसेल. वर्ध्यालाच जायचं असेल तर सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय तिथे आहे, त्यासाठी जा. मेव्हण्यांना ओळखीपासून लांब कुठेतरी उपचार व्हावेत असं वाटत असेल, तर त्यांना हाच पर्याय सांगा. ते सोबत राहतील, भेटायला येतील, त्यांच्या मायेचा खरा उपयोग होईल.

आणि गाडी बोलावण्याबद्दल. काही ठिकाणी फोन केला की तीन-चार माणसं घरी येऊन रुग्णाला उचलून नेतात. हे करू देऊ नका. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक स्थितींचाही समावेश आहे, त्यामुळे तुम्हाला रुग्ण म्हणून हक्क आहेत. तुम्ही स्वतः तयार असाल तर कलम ८६ नुसार स्वतःच्या सहीने भरती होता आणि जाऊ इच्छिलात तर डिस्चार्ज मागू शकता. डॉक्टरला फार तर तपासणीसाठी २४ तास थांबवता येतं. संमती नसलेल्या माणसाला कलम ८९ खाली भरती करायचं तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं. त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ हवा, आणि ठरावीक कारणं हवीत. जसं, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा धोका. त्याची मुदत ३० दिवसांपर्यंत. साखळीने बांधणं कोणत्याही परिस्थितीत बेकायदा आहे. गाडीतून आलेल्या माणसांपैकी कोणी तपासणारा तज्ज्ञ नसतो. शिवाय व्यवहाराची गोष्ट अशी की उचलून नेलेल्या माणसाचा विड्रॉल वाटेतच सुरू होतो आणि केंद्रात पोचेपर्यंत त्याने शेवटची कधी, किती घेतली हे कोणालाच नीट सांगता येत नाही.

आता दुसरा प्रश्न. सातव्या-आठव्या दिवशी तुम्ही वॉर्डमधून बाहेर पडाल. हात स्थिर, भूक परत, चेहरा उजळलेला. घरच्यांना वाटेल, सुटली. खरी परीक्षा तिथून पुढे आहे. पुन्हा पिणं सुरू होण्याचं प्रमाण पहिल्या तीन महिन्यांत सगळ्यात जास्त असतं, कारण झोप काही आठवडे, कधी काही महिने नीट लागत नाही, मन विनाकारण उदास किंवा चिडचिडं राहतं, आणि मेंदूला यावरचा एकच उपाय पाठ असतो. आठवड्याभराची भरती हा पूर्ण उपचार समजणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. लोक याच ठिकाणी थांबतात आणि मग म्हणतात, भरती होऊनही काही फरक पडला नाही.

या टप्प्याला केंद्र लागेल की नाही, हे खरंच परिस्थितीवर आहे आणि तुमच्या प्रश्नातून मला ते पूर्ण कळत नाही. मी समोर बसवून काय विचारीन ते सांगतो, उत्तरं तुम्ही आणि पत्नी मिळून द्या.

घरात आणखी कोणी पितं का? वडील, भाऊ, वरच्या मजल्यावरचा चुलत भाऊ? घरात बाटली असतेच असं असेल तर वजन केंद्राच्या बाजूला जातं. तुम्ही पिता कुठे? एकटे घरी, की ड्युटी सुटल्यावर त्याच चार मित्रांसोबत हिंगणा रोडवर? मित्रांसोबत पिणाऱ्याला संध्याकाळचे साडेपाच ते आठ बदलले तर घरी राहून जमू शकतं. एकट्याने घरी पिणाऱ्याला घरच दारूची जागा झालेलं असतं, त्याला काही काळ जागा बदलल्याचा फायदा होतो. याआधी व्यवस्थित उपचार, म्हणजे औषध आणि समुपदेशन दोन्ही, किमान दोन-तीन महिने घेऊन पाहिले आहेत का? तुमच्या लिहिण्यावरून नाही. मग थेट ९० दिवसांच्या केंद्रावर जाण्याआधी ओपीडीचा नीट प्रयत्न व्हायला जागा आहे. उदासी खूप आहे का, जीव द्यावासा वाटतो का? असेल तर हे लपवू नका, त्याने सगळा क्रम बदलतो. आणि पत्नीचं काय? त्या थकल्या असतील, मारहाण होत असेल, मुलं घाबरत असतील, तर तुम्ही दीड-दोन महिने बाहेर राहणं त्यांच्यासाठीही गरजेचं असू शकतं. केंद्राचा निर्णय फक्त पिणाऱ्याकडे बघून करायचा नसतो.

तुम्ही लिहिलंय की एकही ड्युटी चुकवली नाही, म्हणजे तुम्ही व्यसनी नाही असं मित्र म्हणतात. ड्युटी हा निकष नाही. आम्ही बघतो सहा गोष्टी. तीव्र ओढ, ठरवल्यापेक्षा जास्त होणं, सोडल्यावर त्रास, तेवढीच नशा यायला जास्त लागणं, इतर आवडी मागे पडणं, आणि नुकसान कळूनही चालू राहणं. वर्षभरात यांतल्या तीन असल्या तरी अवलंबित्व धरतो. नोकरी बहुतेकांच्या आयुष्यात सगळ्यात शेवटी जाते. तिच्याआधी झोप, तब्येत, घरातलं बोलणं आणि बचत गेलेली असते. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं की दारूवर अवलंबून असलेल्या सुमारे ३८ जणांपैकी एकालाच कसलेही उपचार मिळतात, आणि भरती होऊन उपचार घेणारा १८० मध्ये एक. ‘आपण अजून तिथपर्यंत पोचलो नाही’ म्हणत थांबलेले त्यात किती असतील याचा अंदाज मला रोजच्या ओपीडीतून येतो.

घरी राहून पुढचे महिने करायचे ठरले, तर त्याचा अर्थ ‘घरी बसून मन घट्ट करणं’ असा नाही. पहिला महिना दर आठवड्याला ओपीडी, मग पंधरा दिवसांनी, किमान सहा महिने ते वर्ष. समुपदेशन. शक्यतो रोज संध्याकाळी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या आधारगटाची, मीटिंग, फी नसते, नाव सांगावं लागत नाही. पत्नीसाठी त्यांच्याच धर्तीवर अल-अॅनॉन आहे. पगाराच्या दिवशी एटीएम कार्ड पत्नीकडे. ड्युटीवरून घरी यायचा रस्ता बदला. हे बालिश वाटतं, पण ओढ वीस-तीस मिनिटांत ओसरते आणि दुकान रस्त्यात नसेल तर ती वीस मिनिटं निघून जातात. संध्याकाळी साडेपाचला पोटात काहीतरी जाऊ द्या, भूक आणि ओढ एकमेकींत मिसळतात.

औषधंही आहेत. नालट्रेक्सोन, ५० मिलिग्रॅमची रोजची एक गोळी, पिण्यातली मजा आणि ओढ कमी करते. लिव्हर फार बिघडलेलं असेल किंवा कोणी अफूच्या जातीची वेदनाशामकं घेत असेल तर ती चालत नाही. अकॅम्प्रोसेट, ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा. लिव्हरला सोयीची, पण मूत्रपिंड तपासावं लागतं, आणि दिवसाला सहा गोळ्या म्हणून लोक दुपारची चुकवतात. लिव्हर सिऱ्होसिसपर्यंत गेलं असेल तर बॅक्लोफेनचा विचार होतो. आणि डायसल्फिराम. ती घेतली असताना दारू घेतली की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब पडतो. रुग्णाच्या संमतीने, बायकोच्या समोर रोज सकाळी घेतली तर काहींना फार चांगली उपयोगी पडते. शेवटच्या घोटानंतर एक दिवस तरी मध्ये जाऊ द्यावा लागतो. बंद केल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो, आणि खोकल्याच्या काही सिरपांतल्या अल्कोहोलनेही रिअॅक्शन येते.

इथे वहिनींना थेट सांगायचंय. ही गोळी, किंवा जाहिरातीतली कुठलीही ‘दारू सोडवणारी पावडर’, त्यांना न सांगता भाजीत किंवा चहात मिसळू नका. न कळता गोळी गेलेला माणूस नेहमीसारखा दीड क्वार्टर घेतो आणि रक्तदाब इतका पडू शकतो की हृदयावर ताण येतो. आणि कळलं की घरातल्या जेवणावरचा त्यांचा विश्वास उडतो. तो परत मिळवणं फार अवघड जातं.

केंद्रच निवडलं तर आधी तुम्ही दोघं प्रत्यक्ष जाऊन या, फक्त फोनवर ठरवू नका. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी दाखवा म्हणावं. मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस येतात, रात्री कोण असतं, तब्येत बिघडली तर कोणत्या रुग्णालयात नेतात, हे विचारा. ‘आम्ही औषधं देत नाही, फक्त शिस्त लावतो’ असं ऐकलं तर उठून या. कुटुंबाची भेट कधीपासून आणि समुपदेशकासोबत कुटुंबाची बैठक होते का? महिनाभर फोन नाही, भेट नाही, असा नियम असेल तर कारण विचारा आणि उत्तर पटलं नाही तर दुसरीकडे बघा. वॉर्ड बघू द्या म्हणावं, खिडक्या, संडास, झोपायची जागा. खर्च लेखी घ्या. औषधं, तपासण्या आणि डॉक्टरांची फी आत आहे की वेगळी, मध्येच सोडलं तर किती परत मिळतं. आणि शेवटचं, मला सगळ्यात जास्त वजनाचं वाटतं ते: सुटल्यानंतरच्या सहा महिन्यांसाठी त्यांच्याकडे काय योजना आहे? ज्यांच्याकडे याचं उत्तर नसतं ते फक्त राहायची सोय विकत असतात. सुटीची तारीख ठरवताना कॅलेंडर बघा. पोळ्याच्या करीला, धुळवडीला किंवा घरातल्या लग्नाच्या आदल्या दिवशी बाहेर पडू नका, चार दिवस पुढे ढकला.

कंपनीत कळण्याची भीती. उपचारांची माहिती गोपनीय ठेवायचा हक्क कायद्याने तुम्हाला आहे. आठवड्याभराच्या भरतीसाठी ‘उपचारासाठी दाखल, इतके दिवस कामास अयोग्य’ असं प्रमाणपत्र पुरतं, निदान त्यात लिहावंच लागतं असं नाही, डॉक्टरांशी आधी बोला. ईएसआय कार्ड असेल तर सोमवारी पेठेतल्या कामगार विमा रुग्णालयातून किंवा तुमच्या ईएसआय दवाखान्यातून सुरुवात करा. अंशदानाच्या अटी पूर्ण असतील तर आजारपणाच्या रजेत पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, मिळू शकतात. म्हणजे पुढे केंद्रात राहायची वेळ आली तरी घर अगदी उघडं पडत नाही. खाजगी मेडिक्लेमवर मात्र विसंबू नका. व्यसनाच्या उपचारांचा खर्च बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो, अटी आधीच वाचा.

तर माझ्या मते तुमचा क्रम असा. पहिला आठवडा रुग्णालयात. तिथून बाहेर पडताना औषध आणि ओपीडीचा पक्का कार्यक्रम, घरूनच. आणि पत्नीशी आजच लेखी ठरवून ठेवा की पुढच्या तीन महिन्यांत पिणं पुन्हा रोजचं झालं, तर वाद न घालता तुम्ही केंद्रात जाल, कोणत्या केंद्रात तेही आत्ताच बघून ठेवाल. त्यांनी तीन महिन्यांचा आग्रह धरला तो चुकीचा नाही, फक्त त्याची जागा दुसऱ्या पायरीवर आहे. पण वरच्या प्रश्नांत घरात दारू, एकट्याने पिणं, मारहाण यांतलं काही ‘हो’ निघालं तर वॉर्डमधून सरळ केंद्रातच जा, मधल्या दोन दिवसांसाठी घरी येऊ नका. ते दोन दिवस बहुतेकांना नडतात.

कुठे जायचं? नागपुरातली मेडिकल आणि मेयो ही दोन सरकारी रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स, या तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, नावाला बिचकू नका. तुमच्या बाबतीत मी मोठं सर्वसाधारण रुग्णालय आधी बघेन, कारण फिट आली किंवा लिव्हरचं काही निघालं तर मेडिसिनवाले तिथेच असतात. रात्री-बेरात्री बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६. फिट आली, भास सुरू झाले, रक्ताची उलटी झाली किंवा शौच डांबरासारखी काळी झाली तर १०८. फिटमध्ये कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही द्या, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका.

ओपीडीत सकाळी लवकर पोचा, पत्नीला सोबत न्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, जुने रिपोर्ट, आधार कार्ड आणि बीपी-शुगर असेल तर त्याची फाईल घ्या. सकाळची नाइंटी घेतली असेल तर तसं सांगा, लपवू नका, डोस त्यावर ठरतो. गर्दी असते, निवासी डॉक्टरांकडे पाच मिनिटं असतात, आणि ‘दारू सोडायची आहे’ एवढंच सांगितलं तर गोळ्या लिहून घरी पाठवलं जाण्याची शक्यता असते. म्हणून पहिलं वाक्य हे म्हणा, हवं तर चिठ्ठीवर लिहून न्या: ‘रोज ३६० मिली घेतो, सकाळी उताऱ्याशिवाय हात थरथरतात, आणि मागच्या वेळी बंद केली तेव्हा तिसऱ्या रात्री भास झाले.’